राजीनाम्याचे दोन अर्थ

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात व्हेरोना नावाचं एक लहान शहर आहे. शेतांच्या शेजारी तिथे एपिक सिस्टिम्स या कंपनीचा भलाथोरला परिसर पसरलेला आहे. ही कंपनी रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवते. अमेरिकेत डॉक्टरकडे जाणाऱ्या अनेक मराठी माणसांच्या फोनवर ‘मायचार्ट’ असतं, ते हिचंच. २ एप्रिल २०१४ रोजी कंपनीने आपल्या काही कर्मचाऱ्यांना एक ईमेल पाठवली. सोबत करार होता. पगार आणि कामाचे तास यांबद्दल तक्रार असेल तर यापुढे कोर्टात जायचं नाही, खाजगी लवादापुढे जायचं. तेही प्रत्येकाने एकट्याने. चार सहकारी मिळून दावा लावायचा नाही. खाली दोन ठिकाणी क्लिक करून पोच द्यायची होती. क्लिक न करणाऱ्याचीही सोय करून ठेवलेली होती : कंपनीत काम चालू ठेवलंत, की करार तुम्हांला मान्य आहे असं समजलं जाईल.

हे वाचताना मला मराठीतला एक जुना शब्द आठवतो. मराठेशाहीत वतनाचा किंवा शिवेचा तंटा गोतापुढे, पंचांपुढे जाई. निवाडा सुरू होण्याआधी दोन्ही पक्षांकडून एक कागद लिहून घेत : पंच जो निकाल देतील तो आम्हांला कबूल. या कागदाला म्हणत राजीनामा. राजी असल्याचं पत्र, इतका सरळ अर्थ. पुढे कधीतरी या शब्दाला नोकरी सोडण्याचा अर्थ चिकटला आणि आज तेवढाच उरला आहे. व्हेरोनातल्या कर्मचाऱ्यापुढे मात्र दोन्ही अर्थ एकदम उभे राहिले. आजच्या अर्थाचा राजीनामा त्याने दिला नाही, म्हणजे जुन्या अर्थाचा दिलाच, असं कंपनी धरून चालणार होती.

‘लवाद’ या शब्दाचाही थोडा खुलासा हवा. आपल्याकडे लवाद म्हटलं की कृष्णा पाणीवाटप लवाद किंवा हरित लवाद डोळ्यांपुढे येतो. ती सरकारने कायद्याने उभी केलेली न्यायाधिकरणं. या प्रकरणातला लवाद तसा नाही. इथे लवाद म्हणजे पक्षांनी करारातून नेमलेला खाजगी माणूस. बहुधा निवृत्त न्यायाधीश किंवा मुरलेला वकील. तो आपल्या वेळेचे पैसे घेतो. सुनावणी बंद खोलीत होते. ज्यूरी नसते. निकाल सहसा जाहीर होत नाही, आणि लवादाने कायदा चुकीचा लावला तरी तेवढ्यावरून कोर्ट तो निकाल फिरवत नाही. अमेरिकन आर्बिट्रेशन असोसिएशन आणि जॅम्स या त्या देशातल्या दोन मोठ्या संस्था असे लवाद पुरवतात.

यात मुळात वाईट काहीच नाही. कामगार संघटना आणि कारखानदार यांच्यातले वाद अमेरिकेत कित्येक दशकं लवादच सोडवत आले आहेत. आपल्याकडे १९१८ साली अहमदाबादच्या गिरणी संपाचा शेवट आनंदशंकर ध्रुव यांच्या लवादाने झाला. कामगारांनी मागितलेली पस्तीस टक्क्यांची वाढ त्यांच्या निवाड्यात मिळाली. पण अहमदाबादेत एका बाजूला गिरणीमालक होते आणि दुसऱ्या बाजूला सगळे कामगार एकत्र. भांडण आधी झालं, पंच नंतर ठरले. व्हेरोनात पंचाची व्यवस्था भांडणाच्या आधीच ठरली आणि ती एकाच पक्षाने ठरवली.

कापडाच्या व्यापाऱ्यांचा कायदा

कंपनीच्या या ईमेलला जोर कुठून आला, हे पाहायला १९२५ सालात जावं लागतं. त्या वर्षी १२ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांनी संघीय लवाद कायद्यावर सही केली. या कायद्यामागची मंडळी होती न्यूयॉर्कची. चार्ल्स बर्नहायमर हे तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समधले सुती कापडाचे व्यापारी, आणि ज्युलियस कोहेन हे त्यांचे वकील. व्यापाऱ्यांची अडचण साधी होती. गाठी आल्या, माल नमुन्यापेक्षा हलका निघाला, भाव तोडायचा किती? कापडातला एखादा जाणकार हे तासाभरात सांगू शकतो. कोर्टात त्याला वर्षं लागत. म्हणून व्यापारी आपसांत करार करत, की वाद झालाच तर अमुक पद्धतीने पंच नेमू. पण वाद झाल्यावर ज्याची बाजू लंगडी तो कोर्टात पळे, आणि जुन्या इंग्रजी परंपरेतली कोर्टं असे करार फारसे मानत नसत. न्यूयॉर्क राज्याने १९२० मध्ये ते मानायला लावले. पाच वर्षांनी साऱ्या देशाने.

विधेयकाचा मसुदा फिरत असताना त्यावर एका माणसाची नजर पडली. अँड्र्यू फ्युरुसेथ. नॉर्वेत जन्मलेला खलाशी, आणि तेव्हा खलाश्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष. खलाश्याचा करारनामा काय चीज असते हे त्याने आयुष्यभर पाहिलं होतं. बंदरात, घाईत, पोटाची आग घेऊन केलेली सही. असा माणूस लवादाच्या कलमावरही सही करील आणि कायमचा अडकेल, अशी हरकत त्याने १९२३ मध्ये जाहीरपणे घेतली. विधेयकाच्या कैवाऱ्यांना हा वाद अंगावर नको होता. हे व्यापाऱ्यांपुरतं आहे, मजुरांच्या तंट्यांशी याचा संबंध नाही, असं वकील संघटनेच्या वतीने सिनेटच्या समितीला सांगण्यात आलं. तेव्हाचे व्यापारमंत्री हर्बर्ट हूवर यांनी सुचवलं, की शंकाच असेल तर कामगारांचे करार स्पष्ट शब्दांत वगळून टाका. तसं ते वगळले गेले. पहिल्याच कलमात लिहिलं आहे : खलाशी, रेल्वेचे नोकर आणि परदेशी किंवा आंतरराज्य व्यापारात गुंतलेल्या इतर कोणत्याही वर्गातल्या कामगारांचे नोकरीचे करार या कायद्याबाहेर.

फ्युरुसेथला वाटलं असणार, काम झालं. आणि पुढची साठ-पासष्ट वर्षं ते झालेलंही होतं.

दुकानातला नोकर आणि धक्क्यावरचा हमाल

पहिली फट १९९१ मध्ये पडली. नॉर्थ कॅरोलायनात एका वित्तीय कंपनीच्या बासष्ट वर्षांच्या व्यवस्थापकाला कामावरून काढलं. वयामुळे काढलं, हा त्याचा आरोप. पण न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदणी करताना त्याने जो अर्ज भरला होता त्यात लवादाचं कलम होतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, जा लवादाकडे. भेदभावविरोधी कायद्याने दिलेला हक्क कुठेही जात नाही, फक्त तो मागण्याची जागा बदलते. हा युक्तिवाद ऐकायला निर्मळ आहे. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली मूळ चूक त्यातच आहे, कारण हक्क मागायची जागा बदलली की हक्काची किंमत बदलते. आपल्याकडे तलाठ्याच्या कचेरीत दोन खेपा मारलेल्या कुणालाही हे वेगळं सांगावं लागणार नाही.

पहिल्या कलमातल्या अपवादाचं काय करायचं, हा प्रश्न कोर्टाने त्या वेळी बाजूला ठेवला. तो दहा वर्षांनी सर्किट सिटीच्या खटल्यात आला. सर्किट सिटी म्हणजे टीव्ही-रेडिओची दुकानं चालवणारी कंपनी. कॅलिफोर्नियातल्या सांता रोझाच्या दुकानातल्या एका विक्रेत्याने १९९५ मध्ये नोकरीचा अर्ज भरला तेव्हा अर्जातच लवादाचं कलम होतं; सही नाही तर अर्जाचा विचार नाही. दोन वर्षांनी त्याने भेदभावाचा दावा लावला. २१ मार्च २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की पहिल्या कलमातला अपवाद फक्त वाहतूक कामगारांना आहे. खलाशी, रेल्वेवाले, आणि त्यांच्यासारखे. दुकानातला विक्रेता त्यात बसत नाही.

इथे जरा थांबायला हवं, कारण गंमत बारीक आहे. १९२५ साली अमेरिकन काँग्रेसचा अधिकार ‘आंतरराज्य व्यापारा’पुरता आहे असं मानत आणि त्या शब्दाचा अर्थ तेव्हा अगदी तोकडा घेत. म्हणजे काँग्रेसचा हात ज्या कामगारांपर्यंत पोहोचतो असं तेव्हा वाटत होतं, त्या जवळपास सगळ्यांना तिने वगळलं होतं. पुढे १९३०च्या दशकानंतर ‘व्यापार’ हा शब्द फुगत गेला, काँग्रेसचा हात लांब झाला आणि त्याबरोबर लवाद कायद्याची पोहोचही लांबली. पण अपवादाचा शब्द मात्र होता तेवढाच मोजला गेला. अंगरखा वाढत्या अंगाने शिवला, बाही जुन्याच मापाची ठेवली.

त्या विक्रेत्याला शेवटी दिलासा मिळाला, तोही वेगळ्याच कारणाने. प्रकरण खालच्या कोर्टात परतल्यावर २००२ मध्ये तो विशिष्ट करार एकतर्फी म्हणून रद्द ठरला : बंधन नोकरावर, कंपनी मोकळी. पण तोवर सर्वोच्च न्यायालयाचा मूळ निर्णय देशभर लागू झालेला होता. सर्किट सिटी स्वतः २००८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. दुकानं गेली, निवाडा राहिला.

उरलेल्या अपवादावरची खणाखणी अजून चालू आहे. २०१९ मध्ये ट्रकचालकाच्या बाजूने निर्णय झाला. २०२२ मध्ये शिकागोच्या मिडवे विमानतळावर विमानात सामान चढवणाऱ्या, साउथवेस्ट या विमान कंपनीच्या पर्यवेक्षिकेच्या बाजूने. २०२४ मध्ये कनेटिकटमध्ये दुकानोदुकानी पाव पोहोचवणाऱ्यांचं प्रकरण आलं. पाव बनवणारी कंपनी म्हणाली, आमचा धंदा बेकरीचा, वाहतुकीचा नव्हे. कोर्ट एकमुखाने म्हणालं, मालक कोणत्या धंद्यात आहे ते महत्त्वाचं नाही, माणूस काय काम करतो ते पाहा. हे सगळे निकाल कामगारांच्या बाजूचे आहेत आणि शंभर वर्षांपूर्वीच्या एका वाक्याचा कीस काढून मिळालेले आहेत. फ्युरुसेथच्या खलाश्याचे दूरचे नातेवाईक एकेक करून ओळख पटवून घेत आहेत.

रिक्षा, सॅटर्न आणि रिकामा स्टँड

२००१ नंतर हे कलम कसं पसरलं, ते कॉर्नेल विद्यापीठाचे अलेक्झांडर कोल्विन यांनी मोजलं. १९९२ मध्ये जेमतेम दोन टक्के कामगार अशा कराराखाली होते. कोल्विन यांच्या २०१७च्या पाहणीत खाजगी क्षेत्रातल्या संघटनाबाह्य कामगारांपैकी ५६.२ टक्के. माणसांत मोजायचं तर सहा कोटींहून जास्त. त्यांतल्या सुमारे २ कोटी ४७ लाख लोकांनी गटाने दावा लावण्याचा हक्कही सोडून दिलेला होता. कमी पगाराच्या नोकऱ्यांत हे कलम अधिक आढळलं, म्हणजे जिथे वाटाघाटीची ताकद कमी तिथे ते अधिक घट्ट बसलं.

दुसरी बाजू दुबळी नाही, आणि ती नीट ऐकावी. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपलीच आहे. अमेरिकेत साध्या पगाराच्या माणसाचा खटला घ्यायला वकीलच मिळत नाही, कारण मिळणाऱ्या भरपाईतला वाटा हीच त्याची फी असते आणि छोट्या पगाराची भरपाईही छोटी. न्यूयॉर्क विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक सॅम्युएल एस्ट्रायकर यांनी २००१ मध्ये एका लेखाच्या शीर्षकातच उपमा दिली, आणि ती आपल्याला चटकन कळेल अशी आहे. कोर्टाची पद्धत म्हणजे थोड्यांना कॅडिलॅक आणि बाकीच्यांना रिक्षा. लवाद सगळ्यांना मध्यम किमतीची सॅटर्न देतो. (सॅटर्न ही जनरल मोटर्सची गाडी २०१० मध्ये बंद पडली, पण त्याचा दोष प्राध्यापकांना देता येणार नाही.)

उपमा देखणी आहे. प्रश्न एवढाच, की त्या सॅटर्नमध्ये बसलं कोण? कोल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेही मोजलं. या करारांखालच्या दर १०,४०० कामगारांमागे वर्षाला एक माणूस लवादाकडे जातो. स्टँडवर गाडी उभी आहे, मीटर तयार आहे, प्रवासीच नाही. जे गेले त्यांचीही कथा बरी नाही : २००३ ते २००७ मधल्या जवळपास चार हजार प्रकरणांत कामगार जिंकण्याचं प्रमाण होतं २१.४ टक्के, संघीय कोर्टांत ते ३६.४ टक्के सापडतं. लवादापुढे तीच कंपनी वारंवार येत असेल तर कामगाराची शक्यता आणखी उतरते. लवाद विकला जातो असं याचा अर्थ कुणी लावू नये. पुन्हा पुन्हा येणारं गिऱ्हाईक रस्ता ओळखतं, आणि एकदाच येणारा चुकत माकत येतो. तरी माझ्या लेखी मोठा आकडा २१.४ हा नाही. तो १०,४०० आहे. माणसं हरतात त्याहून कितीतरी जास्त माणसं येतच नाहीत. न्यूयॉर्क विद्यापीठाच्याच सिंथिया एस्टलंड यांनी या व्यवस्थेला कृष्णविवराची उपमा दिली ती याच कारणाने. तक्रारी दाखल होण्याआधीच नाहीशा होतात, बाहेर काहीच पडत नाही.

का येत नाहीत? कारण हिशोब जमत नाही. अर्न्स्ट अँड यंग या लेखापरीक्षण कंपनीच्या एका कर्मचाऱ्याची थकलेली जादा कामाची मजुरी होती सुमारे १,८६७ डॉलर. एकट्याने लवादापुढे ती सिद्ध करायला खर्च येणार होता सुमारे दोन लाख डॉलर. अशी पाचशे माणसं एकत्र आली की खर्च वाटला जातो आणि दावा उभा राहतो. ‘एकट्याने’ हा शब्द करारात उगाच आलेला नाही. लवादाचं कलम ही दाराची कडी. ‘एकट्याने’ हे तिला लावलेलं कुलूप.

नियम कोण लिहितो याचाही एक नमुना पाहा. हूटर्स ही उपाहारगृहांची साखळी. साउथ कॅरोलायनातल्या मर्टल बीचच्या शाखेतल्या एका बारटेंडर बाईने छळाची तक्रार केली. कंपनीचे लवादाचे नियम असे : तिने आपल्या दाव्याचा तपशील आणि साक्षीदारांची यादी आधी द्यायची, कंपनीने काहीच द्यायचं नाही. लवाद तीन, पण तिघेही कंपनीने बनवलेल्या यादीतूनच. सुनावणीचं ध्वनिमुद्रण कंपनी करू शकते, ती नाही. आणि कंपनी हे नियम हवे तेव्हा, न कळवता बदलू शकते. उंदराला मांजर साक्ष म्हणतात, इथे पंचही मांजरच. १९९९ मध्ये संघीय अपील कोर्टाने हा करार फेटाळला. इतका उघडा मामला असल्यामुळेच तो फेटाळता आला, हेही खरं. पुढे कंपन्यांचे वकील शहाणे झाले. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये किमान अटी घालून दिल्या. त्यांपैकी एक अशी, की कोर्टात गेला असता तर जो खर्च नोकराला आला नसता, तो त्याच्यावर लादायचा नाही. म्हणजे लवादाची फी कंपनीने भरायची. कंपन्यांनी ती खुशीने कबूल केली. १०,४०० माणसांमागे एकाची फी भरायला किती लागतात!

मे २०१८

व्हेरोनातल्या त्या ईमेलच्या दुसऱ्याच दिवशी क्लिक करणाऱ्यांत कंपनीसाठी तांत्रिक मजकूर लिहिणारा एक कर्मचारी होता. १९३८च्या कायद्याप्रमाणे आठवड्याला चाळीस तासांपुढच्या कामाचा दीडपट पगार मिळायला हवा, आपल्याला आणि आपल्यासारख्यांना तो मिळालेला नाही, असं म्हणत त्याने २०१५ मध्ये कोर्टात सामूहिक दावा लावला. कंपनीने करार पुढे केला. त्याच्या बाजूला १९३५चा कामगार संबंध कायदा होता. परस्परांच्या मदतीसाठी एकत्र येऊन हालचाल करण्याचा हक्क तो कायदा कामगारांना देतो, मग संघटना असो वा नसो. एकत्र दावा लावणं ही एकत्र हालचाल नव्हे तर काय? शिकागोच्या अपील कोर्टाला हे पटलं. सर्वोच्च न्यायालयाला पटलं नाही. २१ मे २०१८ रोजी पुन्हा पाच विरुद्ध चार. न्यायमूर्ती गोरसच यांनी लिहिलं, की १९३५चा कायदा संघटना आणि सामूहिक वाटाघाटींबद्दल आहे, खटल्यांच्या पद्धतीबद्दल नाही. १९२५चा कायदा मात्र करार जसा आहे तसा पाळायला सांगतो.

न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी आपलं विरोधी मत कोर्टात वाचून दाखवलं. असं क्वचित होतं. मतभेद किती तीव्र आहे हे सांगण्याची ती रीत आहे. त्यांनी आठवण करून दिली ‘यलो डॉग’ करारांची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कामगाराकडून लिहून घेत, की मी संघटनेत जाणार नाही. १९३२ मध्ये कायद्याने अशा करारांची ताकद काढून घेतली. एकत्र येणार नाही असं लिहून दे, मग नोकरी देतो; या सौद्यात, गिन्सबर्ग यांच्या मते, फारसा फरक पडलेला नाही.

हाच प्रश्न मुंबईत आला तेव्हा उत्तर उलटं मिळालं. किंगफिशर एअरलाइन्सचे पगार थकले. वैमानिकांसह काही कर्मचारी मुंबईच्या कामगार न्यायालयात गेले. कंपनीने नेमणुकीच्या करारातलं लवादाचं कलम दाखवलं. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते नाकारलं. औद्योगिक विवाद कायद्याखालचे, वेतन प्रदान कायद्याखालचे हक्क राबवायला कायद्याने खास न्यायालयं दिली आहेत; खाजगी करार करून त्यांना वळसा घालता येत नाही. औद्योगिक विवाद कायद्यात कामगार-मालकांना स्वखुशीने लवाद नेमण्याची तरतूद होतीच, पण ती वाद उभा राहिल्यावरची, म्हणजे अहमदाबादच्या वळणाची. अर्थात ‘कामगार’ या शब्दाची कायद्यातली व्याख्या ज्यांना लागू होत नाही, त्या वरच्या पगाराच्या मंडळींना हे छत्र नाही. हिंजवडीतल्या व्यवस्थापकाने आपलं नेमणूकपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं बरं.

बंद खोली

लवादाची सुनावणी गुप्त असते, याचा खरा फायदा कुणाला होतो हे काही प्रकरणं बाहेर फुटली तेव्हा दिसलं. स्टर्लिंग ही दागिन्यांची दुकानं चालवणारी कंपनी. तिच्याविरुद्ध पगार आणि बढतीतल्या भेदभावाचं प्रकरण २००८ पासून लवादापुढे चाललं होतं. त्यात सुमारे ६८,००० स्त्रिया सामील होत्या. इतक्या मोठ्या गटाचा मामला लवादापुढे चालणं हीच नवलाची गोष्ट. पण नऊ वर्षं जगाला फारसं काही कळलं नाही. २०१७ मध्ये सुमारे अडीचशे स्त्रियांची निवेदनं उघड झाली, आणि पगाराच्या वादासोबत छळाच्याही कहाण्या बाहेर आल्या. तडजोड झाली २०२२ मध्ये, साडेसतरा कोटी डॉलरवर. दावा सुरू झाला तेव्हा पाळण्यात असलेली मुलं तोवर आठवी-नववीत गेली असतील.

फॉक्स न्यूजच्या निवेदिका ग्रेचन कार्लसन यांच्या करारातही हे कलम होतं. त्यांच्या वकिलांनी एक बगल शोधली : कंपनीवर दावा न लावता ६ जुलै २०१६ रोजी थेट प्रमुख रॉजर एल्स यांच्यावर व्यक्तिशः लावला. पंधरा दिवसांत एल्स पायउतार झाले. सप्टेंबरात दोन कोटी डॉलर आणि जाहीर माफी. पुढे कार्लसन यांनी कायदाच बदलायचा ध्यास घेतला. नोव्हेंबर २०१८ मध्ये गूगलचे सुमारे वीस हजार कर्मचारी जगभरच्या कचेऱ्यांतून बाहेर पडले, त्यांच्या मागण्यांतही सक्तीचा लवाद बंद करा ही मागणी होती. काही महिन्यांत गूगलने आपल्या कर्मचाऱ्यांपुरती ती पूर्ण केली. ३ मार्च २०२२ रोजी राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी कायद्यावर सही केली. लैंगिक अत्याचार किंवा छळाची तक्रार असेल तर आधीच्या करारात काहीही लिहिलेलं असो, कोर्ट की लवाद हे तक्रारदार ठरवील. प्रतिनिधिगृहात ३३५ विरुद्ध ९७, सिनेटमध्ये आवाजी मतदान. आजच्या अमेरिकेत हे जवळजवळ एकमतच. थकलेला पगार, वर्ण, वय यांच्या तक्रारींना मात्र हे दार उघडलेलं नाही.

साडेबारा हजार अर्ज

आता त्या फीच्या नियमाकडे परत येऊ. २०१८ मध्ये काही तरुण वकिलांच्या डोक्यात एक साधी कल्पना आली. कंपनी म्हणते, एकेकट्याने या. ठीक आहे, येतो. सगळेच येतो, एकेकटे.

उबरविरुद्ध १२,५०१ चालकांनी स्वतंत्र अर्ज दाखल केले. आपण खरे तर कर्मचारी आहोत, उबर आपल्याला स्वतंत्र धंदेवाईक म्हणून नाडते, हे त्यांचं म्हणणं. प्रत्येक अर्जामागे उबरने भरायची सुरुवातीची फी दीड हजार डॉलर. गुणाकार करा : एक कोटी सत्याऐंशी लाख डॉलरहून जास्त, एकही सुनावणी होण्याआधी. त्या वर्षाअखेरपर्यंत उबरने फी भरली होती २९६ अर्जांची. पुढच्या वर्षी शेअर बाजारात उतरताना उबरला जाहीर करावं लागलं, की साठ हजारांहून अधिक चालकांपैकी बहुतेकांशी तडजोड ठरली आहे आणि तिची किंमत १४.६ ते १७ कोटी डॉलर आहे.

डोअरडॅश या घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या कंपनीवर हाच प्रसंग आला. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघीय कोर्टात न्यायाधीश विल्यम ऑल्सप यांच्यापुढे ५,०१० पोहोचवणारे उभे राहिले आणि म्हणाले, कंपनीला लवादाकडे यायला सांगा. कंपनीची बाकी होत होती पंचाण्णव लाख डॉलरवर. मग कंपनीने काय मागावं? सामूहिक दाव्यातली तडजोड! वर्षानुवर्षं जे हत्यार कामगारांच्या हातून काढून घेतलं तेच तिला स्वतःच्या बचावासाठी हवं होतं. १० फेब्रुवारी २०२० च्या आदेशात ऑल्सप यांनी या ढोंगाला ढोंग म्हटलं आणि कंपनीला पाठवलं लवादाकडे. तिच्याच कराराप्रमाणे.

लवाद स्वस्त, जलद, सोयीचा, हा दावा तीन दशकं ऐकत आलेल्यांना या प्रकरणाने एक गोष्ट कागदोपत्री दाखवली. पाच हजार माणसं खरोखर लवाद मागत आली तेव्हा कंपनीला लवाद नको होता. तिने विकत घेतलेली वस्तू वेगळीच होती : कुणी न येण्याची हमी.

याच सुमारास हालचाली भराभर झाल्या. फी मुदतीत भरली नाही तर कामगाराला कोर्टाची वाट मोकळी, असा कायदा कॅलिफोर्नियाने केला. लवाद पुरवणाऱ्या संस्थांनी घाऊक अर्जांसाठी फीचे वेगळे दर लावले. कंपन्यांच्या वकिलांनी नवी कलमं लिहिली : एकसारखे अर्ज खूप आले तर त्यांतले थोडे आधी चालतील, बाकीचे रांगेत थांबतील. ही नवी कलमं ॲपमधूनच येतात. पहाटे चालक गाडीत बसतो, फोन हातात घेतो, तर पडद्यावर बदललेला करार. पानं सरकवत खाली गेलं की ‘मान्य’ लिहिलेलं बटण. ते दाबल्याशिवाय पहिलं भाडं दिसत नाही.